बाळाचं नाव, आईचं आडनाव आणि व्हिसा: कोल्हापूरच्या एका कुटुंबाचं प्रकरण

ओळख पटू नये म्हणून या प्रकरणातले काही तपशील बदलले आहेत. कागदांचा क्रम, नियम आणि पैशांचे आकडे मात्र तसेच ठेवले आहेत. शुल्क आणि अटी नोव्हेंबर २०२४ ते एप्रिल २०२५ या काळातल्या आहेत. ब्रिटनची शुल्कं जवळपास दर वर्षी बदलतात, त्यामुळे अर्ज करण्याच्या दिवशीचा आकडा सरकारी संकेतस्थळावरच बघावा.

पार्श्वभूमी

नवरा पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत सहा वर्षं नोकरीला. बायको पुण्यातच अकाउंट्सचं काम करणारी. तिचं माहेर करवीर तालुक्यातलं, कोल्हापूर शहरापासून अर्ध्या तासावर. घरची उसाची शेती आणि गोठ्यात दोन म्हशी. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून ती जूनमध्ये गावी आली आणि ऑगस्ट २०२४ मध्ये कोल्हापुरातल्या एका खासगी रुग्णालयात तिला मुलगी झाली.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात कंपनीनं नवऱ्याला लंडनची नेमणूक कळवली. मुदत २३ महिन्यांची, १ फेब्रुवारी २०२५ ते ३१ डिसेंबर २०२६. व्हिसा ‘ग्लोबल बिझनेस मोबिलिटी’मधला, सीनियर ऑर स्पेशालिस्ट वर्कर या प्रकारचा. कंपनी आपल्याच माणसाला आपल्याच परदेशी शाखेत पाठवते तेव्हा हा व्हिसा चालतो. त्याला इंग्रजीची परीक्षा नसते, आणि नवरा-बायको व १८ वर्षांखालची मुलं ‘डिपेन्डन्ट’ म्हणून सोबत जाऊ शकतात. मात्र या व्हिसावर काढलेली वर्षं तिथल्या कायम वास्तव्यासाठी धरली जात नाहीत. कुटुंबाला ते चाललं, कारण परत यायचं आधीच ठरलेलं होतं.

नवऱ्याच्या व्हिसाचा खर्च आणि कागदपत्रं कंपनीकडे होती. बायकोचं आणि बाळाचं सगळं घरच्यांनी बघायचं होतं.

अडचण

घरात चर्चा सुरू झाली ती व्हिसाच्या फॉर्मवरून, पण घोडं अडलं होतं त्याच्या बरंच आधी. बाळाचा पासपोर्ट नव्हता. पासपोर्टसाठी जन्मदाखला हवा. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्या मुलांच्या बाबतीत जन्मतारखेचा पुरावा म्हणून दुसरं काही धरणं शहाणपणाचं नाही. दाखला होता, पण त्यावर बाळाच्या नावाचा रकाना रिकामा होता. रुग्णालयानं जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत, म्हणजे वेळेत कळवली होती. तोवर नाव पक्कं झालं नव्हतं, आणि बारसं झाल्यावर दाखल्याकडे कुणी वळून पाहिलं नाही.

दुसरी अडचण आईच्या नावाची. तिचा पासपोर्ट, पदवी, पॅन आणि बँकेचं खातं माहेरच्या नावावर आहे, म्हणजे स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, माहेरचं आडनाव. आधार मात्र लग्नानंतर बदलून घेतलेलं, त्यामुळे त्यावर नवऱ्याचं नाव आणि सासरचं आडनाव. रुग्णालयात दाखल होताना आधार दिलं होतं. जन्माचा फॉर्म भरणाऱ्यानं आईचं नाव त्यावरूनच उतरवलं. परिणामी जन्मदाखल्यावरची आई आणि पासपोर्टवरची आई कागदोपत्री दोन वेगळ्या बायका झाल्या. लग्नाचा दाखला दोघींना जोडेल असं घरच्यांना वाटत होतं. पण त्यावर वधूचं नाव फक्त माहेरचं होतं, सासरच्या नावाचा उल्लेखच नव्हता.

आपल्याकडे हे इतकं सर्रास आहे की कुणाला चूक वाटतही नाही. शाळेत, बँकेत, रेशन दुकानात खपून जातं. पासपोर्टच्या आणि व्हिसाच्या टेबलावर तेच नडतं.

तिसरी अडचण वेळेची. कंपनी ज्या क्रमांकावर व्हिसाचा अर्ज करते, ते सर्टिफिकेट ऑफ स्पॉन्सरशिप दिल्यापासून तीन महिन्यांच्या आत वापरावं लागतं. नवऱ्याचा अर्ज डिसेंबरअखेरच्या पुढे न्यायला कंपनी तयार नव्हती.

कोणते पर्याय होते

तिघांनी एकत्र अर्ज करणं सगळ्यांच्या मनात होतं. पण बाळाचा पासपोर्ट डिसेंबरमध्ये हातात येणं अशक्य होतं, त्यामुळे तो बेत आठवडाभरात मागे पडला.

दुसरा पर्याय नातेवाइकांनी सुचवला: आई आणि बाळ सहा महिन्यांच्या व्हिजिटर व्हिसावर जातील, मग परत येऊन पुन्हा जातील. वरवर स्वस्त होता. शुल्क माणशी ११५ पौंड, आरोग्य सरचार्ज (तिथली सरकारी आरोग्य सेवा वापरता यावी म्हणून व्हिसासोबत भरायची रक्कम) नाही, आणि सहा महिन्यांपर्यंतच्या मुक्कामाला क्षयरोगाची तपासणीही नाही. पण व्हिजिटरला तिथे राहून डिपेन्डन्ट व्हिसात बदल करता येत नाही, त्यासाठी भारतात परतावंच लागतं. पुन्हा पुन्हा जाऊन जवळजवळ तिथेच राहणं व्हिजिटरच्या नियमात बसत नाही. आईला नोकरी करता येत नाही. बाळाला रुग्णालयात ठेवायची वेळ आली तर राष्ट्रीय आरोग्य सेवा व्हिजिटरकडून दीडपट दरानं पैसे घेते. आठ महिन्यांच्या लेकराला घेऊन हा धोका पत्करण्यात अर्थ नव्हता. विमा काढून भागेल असं एकानं सुचवलं, पण नोकरीचा आणि परत येण्याचा प्रश्न विम्यानं सुटत नव्हता.

तिसरा पर्याय: नवऱ्यानं ठरल्या तारखेला जायचं, आई आणि बाळानं मागून डिपेन्डन्ट व्हिसावर. मुलाच्या डिपेन्डन्ट व्हिसासाठी साधारणपणे दोन्ही पालकांकडे तिथे राहण्याची परवानगी असावी लागते, किंवा ती सोबतच मिळावी लागते. म्हणून बाळाचा अर्ज आईच्या अर्जासोबतच जायला हवा होता. बाळाला आधी वडिलांकडे पाठवू, आई नोकरीचं आटोपून येईल, ही वाट त्यामुळे बंदच होती. हा तिसरा पर्याय ठरला.

आईच्या नावाबाबतही तीन वाटा होत्या. एक, आईनं सासरच्या नावानं नवा पासपोर्ट काढायचा. तो केला तर बँक, पॅन आणि नवऱ्याच्या पासपोर्टवर चढवलेलं पत्नीचं नाव हे सगळं ओघानं बदलावं लागलं असतं. दोन, ‘दोन्ही नावांची व्यक्ती एकच’ असं प्रतिज्ञापत्र जोडून तसंच पुढे जायचं. प्रतिज्ञापत्र एका टेबलावर चालतं, पुढच्यावर चालत नाही, आणि प्रत्येक ठिकाणी नव्यानं समजावत बसावं लागतं. तीन, जन्मदाखल्यावरचं आईचं नाव पासपोर्टप्रमाणे दुरुस्त करून घ्यायचं. नवऱ्याच्या पासपोर्टवर पत्नीचं नाव माहेरच्या आडनावासह होतं, लग्नाचा दाखलाही त्याच नावाचा होता. म्हणजे एक कागद बदलला की बाकी चार आपोआप जुळत होते. तिसरी वाट धरली. आमच्या मते या प्रकरणातला हा सगळ्यात चांगला निर्णय.

दाखला आणि पासपोर्ट

पहिली खेप फुकट गेली. आजोबा दाखल्यासाठी ग्रामपंचायतीत गेले, कारण घर तिथलं. जन्माची नोंद बाळ जिथे जन्मलं तिथल्या निबंधकाकडे असते, पालक राहतात तिथे नसते. रुग्णालय शहरातलं, म्हणून नोंद कोल्हापूर महानगरपालिकेकडे.

दुसरी खेप अर्धीच कामाची ठरली. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या कलम १४ प्रमाणे जन्मापासून १२ महिन्यांच्या आत बाळाचं नाव विनाशुल्क चढवता येतं. तो अर्ज दिला, नाव चढलं, नवा दाखला मिळाला. आईच्या नावाकडे लक्ष गेलं ते त्यानंतर, पासपोर्टचा फॉर्म भरताना. मग कलम १५ खाली दुरुस्तीचा अर्ज, तोही पहिल्यापासून. त्याला आईच्या पासपोर्टची आणि लग्नाच्या दाखल्याची प्रत, दोन्ही पालकांचं प्रतिज्ञापत्र आणि रुग्णालयाचं पत्र जोडलं. पत्रात रुग्णालयानं लिहिलं की आईचं नाव आधारवरून घेतलं होतं आणि पासपोर्टप्रमाणे ते अमुक आहे. हे पत्र मिळवायलाच आठ दिवस गेले. दोन्ही अर्ज एकदम दिले असते तर जवळपास दोन आठवडे वाचले असते. दुरुस्त दाखला २० डिसेंबरच्या सुमारास हातात आला.

दाखला हातात पडला की इंग्रजी स्पेलिंग अक्षर अक्षर लावून बघावं. इथे वडिलांच्या नावात ‘राव’ एका कागदावर होतं, दुसऱ्यावर नव्हतं, ते दुरुस्तीतच उरकून घेतलं. नावाच्या शेवटी आय की वाय, ‘ऊ’साठी यू की दोन ओ, असले फरक मराठीत दिसतच नाहीत आणि पासपोर्टवर कायमचे बसतात.

पासपोर्टचा अर्ज ऑनलाइन भरून कोल्हापूरच्या पोस्टातल्या पासपोर्ट सेवा केंद्राची ६ जानेवारीची वेळ घेतली. लहान मुलांच्या नव्या पासपोर्टचं शुल्क १,००० रुपये, आठ वर्षांपर्यंतच्या मुलांना त्यात १० टक्के सूट, म्हणजे ९०० रुपये. मुदत पाच वर्षं. परिशिष्ट ‘डी’ हे दोन्ही पालकांच्या सह्यांचं संमतीपत्र. नवरा तेव्हा अजून इथेच होता, म्हणून सही घरच्या घरी झाली. तो आधी गेला असता तर लंडनच्या भारतीय उच्चायुक्तालयातून साक्षांकित प्रतिज्ञापत्र मागवावं लागलं असतं. एक पालक आधी जाणार असेल तर त्याच्या सह्यांचे सगळे कागद तो विमानात बसण्याआधी करून ठेवायचे: परिशिष्ट ‘डी’, व्हिसासाठीचं संमतीपत्र आणि त्याच्या पासपोर्टच्या प्रत्येक पानाची स्वाक्षरी केलेली प्रत.

चार वर्षांखालच्या मुलाचा फोटो सोबत न्यावा लागतो, साडेतीन बाय साडेचार सेंटिमीटर, पांढरी पार्श्वभूमी. फोटोग्राफरनं बाळाला पांढऱ्या चादरीवर उताणं ठेवून वरून फोटो काढला. पहिल्या सहा फोटोंत आजीची बोटं आली. सातव्यात डोळे मिटलेले. आठवा जमला, तर गालावर काजळाची तीट आणि डोळ्यांत काजळ. ते पुसायला सांगितल्यावर आजी म्हणाल्या, “तीट काढून बाहेर न्यायचं पोरीला? नजर लागंल की गं.” शेवटी तीट पायाच्या तळव्याला लावली, गाल ओल्या फडक्यानं पुसला आणि नववा फोटो वापरला. हसण्यावारी नेण्यासारखी गोष्ट नाही. चेहऱ्यावर डाग दिसणारा फोटो परत आला की गेलेली वेळ पुन्हा मिळवायला आठवडा जातो.

पासपोर्ट २० जानेवारीला स्पीड पोस्टनं आला. नवऱ्याचा व्हिसा त्याआधी आठवडाभर झाला होता, तो ३ फेब्रुवारीला गेला.

क्षयरोगाची तपासणी

सहा महिन्यांपेक्षा जास्त मुक्कामासाठी भारतातून अर्ज करणाऱ्यांना ब्रिटनच्या यादीतल्याच केंद्रावर तपासणी करावी लागते. गावच्या डॉक्टरांचा एक्स-रे चालत नाही. तपासणीला मूळ पासपोर्ट लागतो, म्हणून बाळाचा पासपोर्ट येण्याआधी ही वेळ घेता येत नव्हती. महालक्ष्मी एक्सप्रेसनं रात्रीत मुंबई, सकाळी तपासणी, असा १८ फेब्रुवारीचा बेत केला.

आईचा छातीचा एक्स-रे झाला. बाळाचा झाला नाही. ११ वर्षांखालच्या मुलांचा एक्स-रे सहसा काढत नाहीत. डॉक्टर मूल तपासतात, वजन बघतात, घरात कुणाला क्षयरोग झाला होता का, खोकला किती दिवस आहे, असं विचारतात. पण तपासणी आणि प्रमाणपत्र दोघांनाही लागतं, “बाळाला काय करायचंय?” म्हणून घरी ठेवता येत नाही. प्रमाणपत्र सहा महिने चालतं. एक्स-रेमध्ये शंका आली तर थुंकीची तपासणी होते आणि त्यातल्या कल्चरला, म्हणजे जंतू वाढवून बघायच्या चाचणीला, आठ आठवड्यांपर्यंत लागू शकतात. म्हणून ही तपासणी शेवटच्या आठवड्यावर टाकू नये.

अठ्ठावीस दिवसांचा घोळ

डिपेन्डन्टना तिथे सुरुवातीच्या खर्चापुरते पैसे दाखवावे लागतात: जोडीदारासाठी २८५ पौंड, पहिल्या मुलासाठी ३१५, मिळून ६००. रक्कम मोठी नाही, पण ती सलग २८ दिवस खात्यात असावी लागते आणि त्या काळात एकही दिवस खाली जाऊन चालत नाही. शेवटच्या शिलकेची तारीख अर्जाच्या आधीच्या ३१ दिवसांत असावी लागते. पौंडाचा भाव अर्जाच्या दिवशीचा धरतात, म्हणून दहा-पंधरा टक्के जास्तच ठेवावेत.

आईनं १ फेब्रुवारीला आपल्या खात्यात ७५,००० रुपये ठेवले. पौंड ११० रुपये धरला तर ६६,००० लागत होते, म्हणजे हिशेब ठीक होता. १९ तारखेला, मुंबईहून परतल्यावर, बाळाचे कान टोचायचे म्हणून गुजरीत, कोल्हापूरच्या सराफ बाजारात, गेले आणि सोन्याच्या बाळ्यांचे १४,००० रुपये फोनवरून त्याच खात्यातून दिले. शिल्लक ६१,०००. दुसऱ्या दिवशी दिरानं पैसे भरले, पण तोवर एक दिवस मोडला होता. हे कळलं ३ मार्चला, अर्ज भरायला बसल्यावर, स्टेटमेंट ओळीओळीनं वाचताना. मोजणी २० फेब्रुवारीपासून पुन्हा सुरू. नवे २८ दिवस १९ मार्चला भरले.

घरच्यांनी हे निमूट मान्य केलं आणि तीन आठवडे थांबले. थांबायची गरज नव्हती. व्हिसा मिळालेल्या जोडीदाराच्या खात्यातले पैसे दाखवले तरी चालतात, आणि बाळासाठी पालकाचं खातं चालतंच. नवऱ्याच्या पुण्यातल्या बचत खात्यात त्या पूर्ण काळात दीड लाखाच्या खाली शिल्लक गेली नव्हती. त्याचं स्टेटमेंट जोडून ३ मार्चलाच अर्ज करता आला असता. त्याहून सोपी वाट नोव्हेंबरमध्ये होती. ‘ए’ दर्जाची स्पॉन्सर कंपनी सर्टिफिकेटमध्ये राहण्या-जेवणाची हमी देऊ शकते आणि ती कुटुंबालाही लागू करू शकते. मग पैसे दाखवावेच लागत नाहीत. इथे कंपनीनं ती फक्त नवऱ्यापुरती दिली होती, कारण कुणी विचारलंच नाही.

एक मात्र नशीब. ९ एप्रिल २०२५ पासून व्हिसाचं शुल्क ७१९ पौंडांवरून ७६९ झालं. मोजणी आणखी एकदा मोडली असती तर दोघींचे मिळून १०० पौंड जास्त गेले असते.

अर्ज आणि पैसे

अर्ज २४ मार्चला केला. आईचा वेगळा, बाळाचा वेगळा, आणि दोन्हींत नवऱ्याच्या अर्जाचा क्रमांक. तीन वर्षांपर्यंतच्या मुक्कामाचं शुल्क प्रत्येकी ७१९ पौंड, बाळाला सवलत नाही. आरोग्य सरचार्ज प्रौढाला वर्षाला १,०३५ आणि १८ वर्षांखाली ७७६. मुक्काम दीड वर्षाहून जास्त आणि दोन वर्षांच्या आत, म्हणून पूर्ण दोन वर्षांचा: आईचा २,०७० आणि बाळाचा १,५५२. सगळे मिळून ५,०६० पौंड, म्हणजे साडेपाच लाख रुपयांच्या वर. पुण्यातल्या संसाराचं बजेट घेऊन बसलेल्या जोडप्याला हा आकडा मार्चमध्ये कळला, कारण तोवर सगळे ‘व्हिसा फी’ एवढंच धरून चालले होते. सरचार्जची रक्कम व्हिसा फीच्या अडीचपट निघाली.

पैसे भरताना कार्ड दोनदा नाकारलं गेलं. कार्डावर परदेशी व्यवहार मुळात बंद असतात, ते बँकेच्या ॲपवरून चालू करून मर्यादा वाढवावी लागते. एका कार्डाची मर्यादा पुरत नसेल तर आईचा आणि बाळाचा भरणा वेगवेगळ्या कार्डांवरून करावा.

लग्नाचा दाखला मराठीत हातानं भरलेला होता. भाषांतर जोडलं, पण पहिल्या भाषांतरावर फक्त शिक्का आणि सही होती. ब्रिटनला चार गोष्टी लागतात: भाषांतर मूळ कागदाशी बरोबर असल्याचं वाक्य, तारीख, भाषांतरकाराचं पूर्ण नाव आणि सही, आणि त्याचा संपर्क. शिक्क्याला किंमत नाही. कागद परत करून घेतला. अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून घ्यायचं सरकारी प्रमाणीकरण, करून घ्या असं एका एजंटानं सुचवलं होतं आणि त्याचे दोन कागदांचे काही हजार सांगितले होते. या अर्जाला ते लागत नाही.

लवकर निर्णयासाठी प्रत्येकी ५०० पौंड जास्त भरायची सोय होती. दोघींचे १,००० पौंड देऊन फार तर दोन आठवडे वाचले असते. ते नाकारलं, आणि बरोबरच केलं.

बायोमेट्रिक्स पुण्याच्या केंद्रावर २८ मार्चला, पाडव्याच्या दोन दिवस आधी. पाच वर्षांखालच्या मुलांच्या बोटांचे ठसे घेत नाहीत, फक्त फोटो. पण मूल प्रत्यक्ष न्यावं लागतं आणि सोबत पालक लागतो. बाळाच्या झोपेच्या वेळेला अपॉइंटमेंट आली. डोळे उघडेपर्यंत पाऊण तास गेला. कर्मचाऱ्यानं शांतपणे दोन माणसं पुढे घेतली. या वेळी तीट घरूनच पायाला लावून नेली होती.

आजीचा प्रश्न

खरी रस्सीखेच इथे झाली. घरचा बेत असा: आईची आई सहा महिने, मग सासूबाई सहा महिने, तोवर सून नोकरीला लागेल. कोल्हापुरातल्या एजंटानं आजींच्या अर्जासोबतचं पत्रही तयार केलं: मुलीला नोकरी करता यावी म्हणून नात सांभाळण्यासाठी सहा महिने जात आहे.

व्हिजिटर व्हिसावर नातेवाइकानं मुलाला सांभाळायला जाणं नियमात बसतं, पण भेट थोड्या मुदतीची असेल आणि माणूस पाळणाघराच्या बाईच्या जागी नसेल तरच. वरचं पत्र नेमकं दुसऱ्या बाजूला बोट दाखवत होतं. नुसतं पत्र बदलून सहा महिन्यांचाच बेत ठेवावा का, यावर घरात दोन दिवस बोलणं झालं. विमानतळावर अधिकाऱ्यानं आजींना सरळ विचारलं, “मुलगी कामावर जाते का? मग बाळ कोणाकडे?” तर त्या खरं तेच सांगणार होत्या, आणि तसंच सांगायला हवं. म्हणून बेतच बदलला. आजी दहा आठवडे, एप्रिलअखेर ते जुलैच्या पहिल्या आठवड्यापर्यंत. तेवढे दिवस मुलगी घरीच राहणार. सासूबाईंची पाळी बेतातून काढली.

पाळणाघराचा खर्च पूर्ण खिशातून, हे त्याच वेळी हिशेबात धरलं. इंग्लंडमधल्या कामकरी पालकांना मिळणारे मोफत तास या कुटुंबाला नाहीत, कारण दोघांच्याही व्हिसावर सरकारी मदत न घेण्याची अट आहे.

आजींच्या परतीचा पुरावा म्हणून दूध संस्थेचं दर दहा दिवसांनी जमा होणारं बिल, सातबारा उतारा आणि आजोबा इथेच राहणार असल्याचं पत्र. सातबाऱ्याचं भाषांतर लागलं. आजोबांच्या खात्यात फेब्रुवारीत उसाचं बिल एकरकमी जमा झालं होतं, १ लाख ९० हजार. अर्जाच्या महिनाभर आधी अचानक आलेली रक्कम उसनी वाटते, म्हणून कारखान्याची बिलाची पावती आणि मागच्या वर्षीची तशीच नोंद दाखवणारं स्टेटमेंट जोडलं. पूर्ण प्रकरणात परदेशी अधिकाऱ्याला सगळ्यात अनोळखी वाटेल असा कागद हाच, आणि त्याला चार ओळींचं स्पष्टीकरण पुरलं. शुल्क ११५ पौंड, बायोमेट्रिक्स मुलीसोबतच २८ मार्चला.

काय झालं

आजींचा निर्णय १५ एप्रिलला आला, आई आणि बाळाचा १६ ला. दोघींच्या पासपोर्टवर ९० दिवसांचं स्टिकर. पूर्ण मुदतीची परवानगी ऑनलाइन, ई-व्हिसावर. बाळाचंही ई-व्हिसाचं वेगळं खातं असतं, ते पालकानं उघडायचं. नाव, जन्मतारीख आणि शेवटची तारीख तिथे लगेच तपासली. तिकिटं व्हिसा हातात आल्यावरच काढली. २६ एप्रिलला तिघी मुंबईहून निघाल्या.

बाळाच्या लसींच्या कार्डावर तारखा होत्या, पण अर्ध्या नोंदी मराठीत. डॉक्टरांकडून प्रत्येक लसीचं नाव आणि तारीख इंग्रजीत एका पानावर लिहून घेतली. तिथल्या डॉक्टरांकडे नाव नोंदवताना तेच पान लागलं. आपल्याकडे गोवर-रुबेलाचा पहिला डोस नऊ महिन्यांना देतात. ब्रिटनमध्ये वर्षाच्या आत दिलेला डोस धरत नाहीत, वर्ष भरल्यावर पुन्हा देतात. म्हणून मे महिन्यातल्या डोसचं काय, हे निघण्याआधीच विचारून ठेवलं होतं.

काय वेगळं करता आलं असतं

रुग्णालयात दाखल होतानाच आईच्या पासपोर्टची प्रत दिली असती आणि नोंदीत तेच नाव घ्यायला सांगितलं असतं तर नोव्हेंबर-डिसेंबरमधल्या बऱ्याच खेपा टळल्या असत्या. हे फक्त परदेशी जाणाऱ्यांसाठी नाही. पुढेमागे पासपोर्ट लागेल असं वाटणाऱ्या कुठल्याही घरानं बाळंतपणाच्या पिशवीत ती प्रत ठेवावी.

कंपनीला नोव्हेंबरमध्येच दोन प्रश्न विचारायला हवे होते: कुटुंबासाठी राहण्याच्या खर्चाची हमी देणार का, आणि कुटुंबाचा सरचार्ज भरणार का. दुसऱ्याचं उत्तर ‘नाही’ असतं, तरी साडेपाच लाखांचा आकडा चार महिने आधी कळला असता.

अर्जासाठी दाखवायचे पैसे ज्या खात्यात आहेत, ते २८ दिवस फोनवरच्या पेमेंट ॲपमधून काढून टाकावं. दागिना घेताना कुणाला पौंड आठवत नाहीत.

एका मुद्द्यावर आमच्यात एकमत नाही. नवऱ्यानं नेमणुकीची तारीख महिनाभर पुढे ढकलून घेतली असती तर तिघांचा अर्ज जानेवारीअखेर एकत्र गेला असता, आणि आईला मुंबई-पुण्याच्या खेपा बाळासह नवऱ्याशिवाय कराव्या लागल्या नसत्या. दुसरी बाजू अशी की तो आधी गेल्यामुळे घर भाड्यानं घेणं, बँक खातं आणि डॉक्टरांकडे नोंदणी हे सगळं बाळ पोचण्याआधी झालं. फेब्रुवारीतल्या थंडीत बाळाला घेऊन हॉटेलात राहावं लागलं नाही.

आजी ५ जुलैला परतल्या. सासूबाई पुढच्या उन्हाळ्यात चार आठवड्यांसाठी जाणार आहेत, आणि त्यांच्या पासपोर्टची मुदत संपत आल्यानं त्यांचं नूतनीकरण आत्ताच चालू आहे, जुन्या पासपोर्टवर जे नाव आहे त्याच नावानं.